गोदामातली नवी फरशी

नव्या नियमाने भाड्याच्या जागांची पंचाईत करून ठेवली होती. कंपनी जिथे पुढेही राहणार, तिथलं येणाऱ्या वर्षांचं सगळं भाडं आजच कर्ज म्हणून ताळेबंदात दाखवायचं. वर्षाच्या आत सोडणार असाल तर सुटका. साहेब बँकेत नवं कर्ज मागायला निघालेले; अंगावरचं जुनं दिसायला नको होतं.

"गोदाम सोडणार असं लिहा," ते हिशेबनीस बाईंना म्हणाले.

"खरंच सोडणार?"

"छे हो. कागदावर. मुदत संपली की पुन्हा करार."

तिने लिहिलं. ऑडिटर गोदाम बघून आला. "सोडायच्या जागेत कोणी नवी फरशी घालतं का? राहणार आहात तुम्ही."

फरशी घातली होती हिशेबनीस बाईंच्या धाकट्या दिराने. गोदाम तोच सांभाळायचा. माल ओलीने सडतो म्हणून तो वर्षभर साहेबांच्या मागे लागला होता; शेवटचा कोपरा तर त्याने स्वतः गुडघ्यांवर बसून घातला. पाय पुसल्याशिवाय कोणाला आत घ्यायचा नाही. हमाल म्हणायचे, "भाऊ, उद्यापासून उडतच येतो."

"उखडा ती," साहेब म्हणाले. "आणि तिथल्या माणसांना काढून टाका. माणसं ठेवून जागा कोण सोडतं? ऑडिटर काय दुधखुळा आहे?"

"मग काम कोण करणार?"

"नंतर नवी घेऊ. स्वस्तात. दिराला तुम्हीच सांगा, तुमचं ऐकतो."

ऐकायचाच. ती लग्न होऊन आली तेव्हा त्याच्या शाळेच्या सदऱ्याची बटणं तीच लावायची. घरात पगार दोनच. एक जाणार होता; दुसरा तरी राहायला हवा होता.

"खालचा पाइप गळतोय, भावोजी."

"मग मजूर नकोत, वहिनी. फोडतील मेले. मी अख्ख्या काढतो."

त्याने सगळ्या फरश्या अख्ख्या काढल्या. प्रत्येकीच्या पाठीवर खडूने आकडा घालून भिंतीशी रचल्या.

ऑडिटर पुन्हा आला. त्याने वाकून बघितलं. "आकडे घातलेत. म्हणजे परत बसवणार."

"पोरकटपणा आहे त्याचा," साहेब हसले. "फोडून टाक रे."

दिराने वहिनीकडे पाहिलं.

"फोडा, भावोजी."

सगळ्या फुटायला बराच वेळ लागला. ऑडिटरने 'जागा सोडणार' या शब्दांपुढे खूण केली आणि आता चहा चालेल म्हणाला.

"पाइप दिसला नाही कुठे," दीर धापा टाकत म्हणाला.

तिने पर्समधून कंपनीच्या पत्राचं पाकीट काढलं. "आधी हात धुऊन या. एक सही हवी होती तुमची."