घोटीव जिना

"मिस्त्री, हे काय करून ठेवलंत तुम्ही?"

सलिल पन्हळीच्या तोंडाशी उकिडवा बसला होता. चष्मा कपाळावर, हातात ड्रॉइंगची गुंडाळी. सीताराम मिस्त्री मात्र खुशीत होता.

"काय म्हंजे? घोटलंय. हात फिरवून बघा. गाल लावला तरी टोचायचं न्हाई."

"अहो, पण रफ ठेवायचं होतं! आणि दर हातभर अंतरावर एक दगड बाहेर काढायचा होता ना? ते दगड कुठायत?"

"छाटले. पायात आले असते."

"कुणाच्या पायात?"

पन्हळ माशांसाठी होती. माशाला पाय नसतात हे त्याला कुणी सांगायला नको होतं. पण वरमेल तर तो सीताराम कसला! "साहेब, चाळीस वर्षं झाली थापी धरून," तो म्हणाला. "या हातानं आजवर वेडंवाकडं काम केलेलं न्हाई. आता म्हातारपणी करू व्हय?"

 सलिल सव्वीसचा, समोरचा माणूस बासष्टचा. सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत कॉम्प्युटरसमोर बसायचं आणि शनिवारी नदीवर यायचं, असा त्याचा आणि त्याच्या मित्रमंडळींचा शिरस्ता. आठवडाभर काम मिस्त्रीच्या भरवशावर. त्यात जून उजाडलेला. "बघू, चालून जाईल बहुतेक," असं पुटपुटत त्यानं ड्रॉइंग पिशवीत कोंबलं. खरं तर तेव्हाच त्यानं हट्ट धरायला हवा होता. पण मोठ्या माणसाला दुखवायचं कसं, हे त्याला कुठल्याच कॉलेजात शिकवलं नव्हतं.

काम होतं ते असं. सिंहगड रस्त्यावरून आत, नदीवर एक जुना दगडी बंधारा होता, पुरुषभर उंचीचा. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की खालचे मासे प्रवाहाला छाती देत वर निघतात, अंडी घालायला. चढणीचे मासे म्हणतात त्यांना. ते या भिंतीपाशी येत, उड्या मारमारून थकत, आणि भिंतीखालीच कुणाच्या तरी जाळ्यात जात. म्हणून या पोरांनी सरकारी परवानगी खटपटीनं मिळवली आणि बंधाऱ्याच्या एका अंगाला उतरती पन्हळ बांधायला घेतली. मध्ये मध्ये दम खायला छोटे हौद. थोडक्यात, माशांचा जिना. धायरीच्या चहाच्या टपरीवर ही बातमी पोचली तेव्हा एकजण म्हणाला होता, "जिना? लिफ्टचं बजेट नव्हतं वाटतं."

आता सीतारामनं असा आगाऊपणा का केला? तर तो होता कोब्याचा मिस्त्री. एके काळी पेठांतले लोक कोबा करायचा तर सीतारामचाच, म्हणून दोन-दोन महिने थांबायचे. लाल कोबा असा घोटायचा की त्यात दिव्याची वात दिसावी. मग टाइल्स आल्या. धायरीतल्या शेतांवर बारा-बारा मजल्यांचे टॉवर उठले, आणि सगळीकडे दोन-दोन फुटी चकचकीत फरश्या. गेल्या आठ वर्षांत कोब्यासाठी त्याच्या दाराशी कुणी फिरकलं नव्हतं. बंधाऱ्याची डागडुजी, कुंपणाच्या भिंती, असलीच कामं. त्यामुळे पन्हळीचा तळ समोर आला आणि त्याचा हात राहीना. सिमेंटची पूड भुरभुरवून, लोखंडी गुरमाळा दाबून फिरवत, त्यानं तो पाच दिवस घोटला. मोठ्या मायेनं घोटला. बघायला येईल त्याला तो सांगे, "हे काम माझंय बरं का."

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी, धरणातून पाणी सुटलं. गुरुवारी सकाळी सीताराम धुतलेला सदरा घालून बंधाऱ्यावर हजर. वेणूबाई भोईण आधीच खालच्या खडकावर टोपली घेऊन बसली होती. तिची हयात या भिंतीखाली मासे धरण्यात गेलेली.

"जयभीम मिस्त्री. आलास व्हय तुझा जिना बघाया? बस हितं."

मासे आले. बोटाएवढे, वितीएवढे, चंदेरी, शेकड्यांनी. भिंतीशी घुटमळले आणि पन्हळीचं पाणी लागताच बरोबर तिकडे वळले. सीतारामचा ऊर भरून आला. पहिली टोळी आत शिरली, हातभर वर गेली, आणि सटकन खाली आली. दुसरी गेली, तीही आली. गुळगुळीत तळावरून पाणी असं सणाणत येत होतं की कुठं थारा म्हणून नव्हता. एक मोठी मादी, पोट तट्ट फुगलेलं, सात वेळा चढली आणि सात वेळा घसरली. सीताराम मोजत होता. आठव्यांदा ती आलीच नाही.

"पाणी जास्त हाय आज," तो म्हणाला.

"पानी तेवढंच हाय," वेणूबाई म्हणाली. "भिंतीला निदान खाचा तरी हायती. तुझ्या जिन्याला त्या बी न्हाईत."

"तुला काय कळतंय गं गवंडीकामातलं?"

"मला मासा कळतोय. वर अंडी पडली तरच फुडं खाली मासा गावतोय. चढणीचं चार दिस असत्यात बाबा. एक गेला."

सीताराम तरातरा घरी निघाला. रागावला होता वेणूबाईवर, पण डोळ्यांपुढून ती मादी हलेना.

संध्याकाळी तो हातपाय धुवायला मोरीत गेला तर पायाखाली काहीतरी खरखरलं. बघतो तर मोरीभर गोणपाट अंथरलेलं. ही मोरी म्हणजे त्यानं स्वतः घोटलेला लाल कोबा, घराची शान.

"हिरा! हे पोतं कुणी टाकलं हितं?"

"मीच," हिरा स्वयंपाकघरातून म्हणाली. "दीपालीला सातवा लागलाय. काल पाय सटकला तिचा. नळाला धरलं म्हणून वाचली पोर."

"काल? मग मला का न्हाई सांगितलं?"

"आता तुम्हाला काय सांगायचं? कोब्याला नाव ठेवलं की जेवत नाही तुम्ही. अहो, मी पंचवीस वर्षं या मोरीत भिंतीला धरून चालतेय. दिसायला छान आहे, मी कुठं नाही म्हणते?"

सीताराम ओल्या गोणपाटावर तसाच उभा राहिला. त्याची लेक दीपाली बाहेर खुर्चीवर बसून कंपनीतल्या कुणाशी तरी फोनवर बोलत होती, एक हात पोटावर ठेवून. त्यानं पायाचा अंगठा गोणपाटाबाहेर काढून कोब्यावर टेकवला. सर्रकन पुढे गेला. त्याला एकदम फार लाज वाटली. पंचवीस वर्षं बायको भिंत धरून चालत होती, आणि तो पाहुण्यांना मोरी दाखवत होता.

शुक्रवारी फटफटायला तो बंधाऱ्यावर पोचला. वाळूच्या गोण्या ओढून पन्हळीचं वरचं तोंड बंद केलं, पाणी थांबलं. मग छिन्नी लावली आणि हातोडा उचलला. पहिला घाव काही बसेना. हात वर जाई आणि तिथंच राही. एवढा नितळ तळ पुन्हा आपल्या हातून होणार नाही, आणि दुसरं कुणी करूनही घेणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"मारतोस का मी येऊ?" खालून वेणूबाई ओरडली.

"तू गप बस!" म्हणत त्यानं घाव घातला.

मग मात्र थांबला नाही. तळ टोचून टोचून देवीच्या वणांसारखा करून टाकला. घोटलेल्या कडा फोडल्या. नदीतले गोटे निवडून, खड्डे पाडून, दर हातभर अंतरावर एकेक रोवला, ड्रॉइंगमध्ये होता तस्सा. लवकर धरणारं सिमेंट आणायला रिक्षानं दोन खेपा झाल्या. गोटे द्यायला वेणूबाई आपणहून पाण्यात उतरली. दुपारचं जेवण तिच्या टोपलीतल्या भाकरीवर झालं. संध्याकाळी तळहाताला फोड आले होते. सिमेंट धरावं म्हणून त्या दिवशी पाणी सोडलं नाही. चढणीचा दुसरा दिवस असा गेला.

शनिवारी सकाळी त्यानं गोण्या काढल्या. पाणी आलं, पण आता ते सणाणत नव्हतं. गोट्यांना वळसे घालत, अडखळत, फेसाळत उतरत होतं. प्रत्येक गोट्यामागे ओंजळभर निवांत पाणी. पहिला मासा आत शिरला, गोट्यामागे थांबला, पुढच्या गोट्याशी गेला, हौदात विसावला. पुन्हा निघाला आणि वरच्या पाण्यात दिसेनासा झाला. मग रीघच लागली.

"ग्येला की रं!" वेणूबाई ओरडली आणि टोपली उपडी ठेवून तिच्यावरच बसली.

दहाच्या सुमारास सलिलची मंडळी आली. वीसेकजण, कॅमेरे, छत्र्या. मासे चढताना बघून सलिल वेड्यासारखा नाचला. ऋचा नावाची त्यांच्यातली मुलगी मासे मोजायला बसली, ती दोनशेनंतर मोजायचीच विसरली. सीताराम खाली गुडघाभर पाण्यात उभा राहून एक हलता गोटा चेपत होता.

त्या घोळक्यात कुणाचे तरी काका आले होते. रेनकोट, पांढरे बूट, बांधकामातलं बरंच कळत असावं असा चेहरा. ते वाकून पन्हळीचा तळ निरखू लागले. सगळीकडे छिन्नीचे घाव, फुटक्या कडा, वेडेवाकडे गोटे.

"कल्पना उत्तम आहे हो," ते म्हणाले. "पण फिनिशिंग? कुणाला दिलं होतं काम? गवंडी झोपेत होता वाटतं."

दोघं-तिघं हसले. सलिलचा चेहरा पडला. "काका, तसं नाहीये, ॲक्चुअली ते डिझाइनच—" तो घाईघाईनं सांगायला लागला.

सीताराम पाण्यातून वर आला. फोड आलेले हात त्यानं सदऱ्याला पुसले आणि काकांसमोर ताठ उभा राहिला.

"जागाच होतो साहेब," तो म्हणाला. "सीताराम ओव्हाळ, धायरी. हे काम माझंय."