गोदीसाठी घेतलेला ॲम्प्लिफायर

"खोक्यावरचा आकडा वाचू नको," हरेश म्हणाला. "तो गिऱ्हाइकाला भुलवायला असतो. खरा दम मागं बारीक अक्षरात लिहिलाय. तुझा डबा जेवढा पेलतो, तेवढाच ॲम्प घ्यायचा."

जव्हारला स्टँडजवळ हरेशचं गाडीच्या साउंडचं दुकान होतं. बाहेर कमलेशची जीप उभी होती. जव्हार ते मोखाडा पॅसेंजर भरणारी, मागे 'आईचा आशीर्वाद' लिहिलेली. सबवूफरचा डबा त्यानं मागच्या सीटखाली आधीच ठोकून घेतला होता. तो चालवायला आता ॲम्प्लिफायर हवा होता. हरेशनं काउंटरवर दोन मांडले. एक चार स्पीकरचा, दुसरा मोनो, नुसत्या डब्यासाठी.

"कशासाठी पाहिजे? गाणी ऐकायला, का नुसता धक्का?"

इथे कमलेशनं खरं सांगायला हवं होतं. त्याची आई गोदी धवलेरी होती. त्यांच्या समाजात लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते. नवरा-नवरीपुढे बसून ती गाण्यांतून देवांना बोलावते, आणि तिची गाणी पुरी झाली की लग्न लागलं. आसपासच्या पाड्यांतले निम्मे संसार गोदीनं गाऊन उभे केले होते. पण मांडवात डीजे आला आणि धवलेरीचा शब्द कुणाच्या कानी पडेनासा झाला. पोशेऱ्याच्या सखानं तर मोठ्या पोराच्या लग्नाआधीच बजावलं होतं, "गोदी काय बोलते तां आयकायलाच नाय येत. या टायमालाही तसाच झाला, तर धाकट्याला भटजी आणीन." सखानं भटजी आणला की सगळा पाडा आणणार. मग गोदी कोण? आणखी एक म्हातारी, एवढंच.

म्हणून कमलेशला आईचा आवाज मोठा करायचा होता. पण दुकानात पल्सरवाली दोन पोरं टिवल्याबावल्या करत उभी होती. त्यांच्यादेखत 'आयशीच्या गाण्यासाठी' म्हणायला त्याची जीभ उचलेना.

"धक्का," तो म्हणाला.

"मग मोनो घे. अख्खी जीप हलंल."

ॲम्पसोबत घेतलेला माईक घरी दाखवला तेव्हा गोदी नाचणी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. आवाज हल्ली घोगरा झाला होता, घसा बसलाय म्हणायची. "मना नको तो. डीजे वाजतो तसा वाजू दे."

"तुझा आयकाय नको का लोकांना?"

"देवाला आयकू येतां."

आई लाजतेय असं कमलेशला वाटलं. तिला घरात गाताना त्यानं कधी ऐकलं नव्हतं; लग्नाची गाणी मांडवाबाहेर म्हणायची नसतात. आणि लग्नात तो सदा वऱ्हाड वाहण्यात. त्यामुळे गावाला जे ऐकू येत नव्हतं, ते त्यालाही आलं नव्हतं. बाकी पोरगा आईसाठी जीव टाकणारा होता, यात शंका नाही.

पोशेऱ्यात सखाच्या मोठ्या पोराच्या लग्नाला दुपारी मांडव गच्च भरला. कमलेशनं डीजेवाल्याला हातापाया पडून गप्प केलं, जीप मांडवाला लावली आणि आईच्या हातात माईक दिला. गोदीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि माईक ओठांशी नेला.

डब्यातून धब्ब आवाज आला. थोड्या वेळानं पुन्हा धब्ब. आईचे ओठ हलत होते, पण शब्द एकही येत नव्हता. मागची पोरं हसली, आणि मग त्या धब्ब-धब्बवर त्यांनी चक्क ठेका धरला. आपल्या आईच्या श्वासावर लोक नाचताना कमलेशला बघवेना. त्यानं जीपमागे जाऊन हरेशला फोन लावला.

"अरे येड्या, तो फक्त जाड आवाज सोडतो," हरेश म्हणाला. "बाईमाणसाचा आवाज त्यातून कसा येईल? तू तर धक्का म्हणालास."

कमलेशला उलट हायसं वाटलं. चूक मशीनची होती, आईची नव्हती. त्यानं वायर उपटली आणि ओरडून सांगितलं, "मशीन बंद केला. धवलेरी आता तशीच बोलेल. जरा गप ऱ्हावा."

मांडव गप्प झाला. पोरांनाही कुणीतरी दटावलं. कमलेश पुढे सरकत आईपासून चार हातांवर येऊन थांबला.

गोदी गात होती. मान डुलत होती, हात तांदळांवरून फिरत होता, ओठ एकेक शब्द नीट उच्चारत होते. आणि आवाज नव्हता. बारीकही नव्हता, नुसती हवा येत होती. गाण्याचा गळा कधीच गेला होता. डीजे तिचा आवाज गिळत नव्हता, डीजे तिला झाकत होता. किती लग्नं, कुणास ठाऊक. चारचौघांत आईचा पदर आपल्याच हातानं ओढला, असं कमलेशला झालं.

मागून सखाचा आवाज आला. "काय झाला रं? आयकाय नाय येत. बोलते का नाय ती?"

गोदीनं ओठ थांबवले नाहीत. गाणं मधे तोडलं तर लग्न मोडतं. तिनं फक्त डोळे मिटून घेतले.

"बोलते ना, मामा," कमलेश म्हणाला. "मी हितं उभा हाय, मना आयकू येतां. माझाच मशीन खोटा निघाला. पोरां खोळंबलीत, तोवर डीजे लावतो."

सखा काही बोलायच्या आत तो डीजेवाल्याकडे पोचला होता. "फुल लाव," तो म्हणाला. मांडवाचे बांबू थरथरू लागले, पोरं नाचायला लागली. कमलेश परत आला आणि आईच्या शेजारी, सगळ्यांना दिसेल असा मांडी घालून बसला. तिचे ओठ हलत होते तसतशी तो मान डोलवत राहिला, लग्न लागेपर्यंत.