सुतारमामांची फुंकर

मित्रांनो, जुना सिमेंटचा पत्रा मी. मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. पण आज मला छपरावरून उतरवणार आहेत आणि माझा जीव थाऱ्यावर नाही.

सिमेंटमध्ये अ‍ॅसबेस्टॉस नावाच्या दगडाचे तंतू कालवून मला घडवले. केसाहून कितीतरी बारीक तंतू! ते आगीला भीत नाहीत, पाण्याने कुजत नाहीत. सुतारमामांनी आपल्या नव्या कारखान्यासाठी मला आणले, तेव्हा मी मापापेक्षा हातभर जास्त लांब ठरलो. त्यांनी करवत लावली. पांढरा भुगा उडाला. लाकडावरची रेघ दिसावी म्हणून सुतार जशी फुंकर मारतो, तशीच मामांनी माझ्यावर मारली. त्यांची मिशी पांढरी झाली.

मामी हसून म्हणाल्या, "अहो, मला बघायला आलात तेव्हा असे दिसला असतात, तर मी नकारच दिला असता!"

मीही मनात हसलो होतो. ते हसू मला अजून टोचते.

छप्पर देखणे झाले. शेजारीपाजारी म्हणाले, "आमचेही पत्रे तुम्हीच बसवा." पुढची बारा-तेरा वर्षे मामा तेच करत राहिले. करवत, फुंकर. करवत, फुंकर.

वर्षे गेली. माझ्यावर शेवाळ चढले, कडा झिजल्या. वर मान करून कुणी पाहीना. खाली मात्र खोकला सुरू झाला. मामा म्हणत, "सुताराला खोकला नाही येणार, तर काय वकिलाला येणार?" पण हळूहळू दोन पायऱ्या चढल्या तरी त्यांना धाप लागू लागली. डॉक्टरांनी विचारले, आयुष्यभर काय काय कापलेत? मामांनी सगळी लाकडे सांगितली आणि दाराशी जाऊन म्हणाले, "हां, पत्रेही." डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर केली. म्हणाले, या पत्र्यांचे तंतू एकदा छातीत रुतले की निघत नाहीत. दुखणे वीस-तीस वर्षांनी डोके वर काढते.

घरी येताच मामांनी शिडी लावली आणि हातोडा घेऊन धापा टाकत ते वर चढले.

"ज्यानं माझा दम खाल्ला, त्याचा भुगाच करतो!"

मी हादरलो. अखंड असतो तेव्हा मी सहसा कुणाच्या वाटेला जात नाही. फुटलो की माझे तंतू हवेत उडतात. आणि खाली मामांची लेक उभी होती. आता कारखाना तीच चालवते.

"बाबा, उतरा आधी."

"तू मध्ये पडू नकोस!"

"मध्ये कुठे? मी खाली आहे. तुमचा भुगा माझ्याच नाकात जाणार."

मामांनी खाली पाहिले. लेकीचा चेहरा वर वळलेला होता. उगारलेला हातोडा तसाच राहिला, मग हळूच खाली आला. एकेक पायरी उतरताना ते तीनदा थांबले.

आज हे काम खास शिकलेले कामगार आले आहेत. चेहऱ्याला घट्ट बसणारे खास मुखवटे, अंगभर पोशाख. कारखाना रिकामा केला, भोवती दोरी बांधली. मला पाण्याने भिजवले, बोल्ट सैल केले. तेवढ्यात माझा एक कोपरा तुटलाच. दोरीपलीकडे उभ्या मामांचे ओठ जुन्या सवयीने गोल झाले.

"बाबा!"

मामांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. मुकादमाने ओले फडके टाकून तुकडा अलगद उचलला.

आता मला जाड प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळत आहेत. वर धोक्याची चिठ्ठी लावून, अशाच कचऱ्यासाठी राखलेल्या खड्ड्यात नेऊन पुरतील. जाऊ द्या मला. पण मित्रांनो, माझे भाऊबंद अजून कितीतरी छपरांवर आहेत. त्यांना फोडू नका, भोके पाडू नका, त्यांचा भुगा झाडू नका, तुकड्यांनी अंगणातला खड्डा बुजवू नका. घरातल्या मोठ्यांना सांगा, जाणकार माणसे बोलवा.

मामांचा दम मला परत करता येत नाही. निदान तुमचा तरी मला घ्यायला लावू नका.