घागरीच्या फडक्यावरची वाळू

मी विहीर बोलतेय, माळव्यात अमझेऱ्याहून बाघ गावाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या एका गल्लीतली. आधीच सांगून टाकते, मी मूर्खपणा केला. चाळिशी उलटलेल्या बाईनं लोकांच्या कौतुकानं फुगायचं नसतं. मी फुगले.

मला खणलं विठोबा गवंड्यानं. माझ्या पोटातला दगड वाळूचा, नखानं खरवडला तरी भुगा होतो. म्हणून त्यानं आतून पक्क्या दगडाचं कडं बांधलं आणि निघताना गल्लीला बजावलं, "हिला हळू उपसा. घाईनं ओढलंत तर पाण्याबरोबर हिचं अंगपण येईल." मला जरा रागच आला. स्वतःला कच्ची कोण म्हणवून घेतं?

पण वर्षं बरी गेली. उमाशंकर सकाळी दोन घटका मोट चालवायचा, मग मी निवांत भरायची. संस्थानचे कामदार, म्हणजे कारभारी, बळवंतराव यांच्याकडे पाणी भरणारी सुभद्रा घागरीच्या तोंडाला फडकं बांधून पाणी गाळायची आणि फडक्यावरचे वाळूचे कण मोजायची. पाच-सातच असले की समाधानानं मान हलवायची. पलीकडची विहीर खारट. जेठात, ऐन उन्हाळ्यात, सगळी गल्ली माझ्यावरच जगायची.

विक्रम संवत १९६८ मध्ये, म्हणजे सन १९११ च्या सुमारास, बळवंतरावांनी इंदुराहून तेलाचं इंजिन आणलं. उमाशंकर हात जोडून म्हणाला, "साब, इसका पेट कच्चा है."

"तुझी मोट बंद पडेल म्हणून बोलतोयस," बळवंतराव हसले.

इंजिन धडधडलं. मांडीएवढी धार उडाली, पोरंबाळं नाचली, आणि मीही होतं नव्हतं ते देऊन बसले. त्या दिवशी फडक्यावर मूठभर वाळू आली. सुभद्रानं ती तशीच नेऊन बळवंतरावांसमोर ठेवली. त्यांनी नळीच्या तोंडाला बारीक जाळी बसवली. जाळी वाळूनं बुजली, धार बारीक झाली, तसं त्यांनी इंजिन आणखी जोरात सोडलं.

कड्यामागची वाळू सुटत गेली आणि तिथे पोकळी झाली. चौथ्या दिवशी दोन दगड घसरले आणि काठ हातभर खचला. सुभद्रानं तिथून पाय उचलून श्वासभर वेळही झाला नव्हता.

विठोबाला बोलावून आणलं, आता म्हातारा झालेला. काठाशी बसून त्यानं सुटलेली वाळू चिमटीत घेतली. "जाळी आलेली वाळू अडवते, कामदारसाहेब. ती सुटते कशानं, ते बघा." मग त्यानं कड्यामागे जाड खडी भरायला लावली. खडी वाळूला धरून ठेवते, पाण्याला वाट देते. जेठ पंधरा दिवसांवर आला होता. तोवर कडं उभं राहिलं नाही तर गल्लीनं खारट प्यायचं. बळवंतराव धोतर खोचून स्वतः टोपल्या वाहत होते. काम संपल्यावर म्हणाले, "उमाशंकर, उद्यापासून मोट जोडा." वीस वर्षांत त्याला पहिल्यांदाच अहो-जाहो केलं त्यांनी. उमाशंकर बैलांना चारा घालायला उठला.

आता इंजिनावर कोंबड्या बसतात. मी पुन्हा भरते, पण पहिल्यासारखी नाही. खडीतून पाणी सावकाश येतं, आणि मला ते आवडायलाही लागलंय. एवढंच मागणं आहे, घ्या हवं तेवढं, पण मला भरायला वेळ द्या.

आज सकाळी सुभद्रा एकटीच होती. मी तळातून चार बुडबुडे सोडले, तशी तळची वाळू जराशी हलली. चुकले गं, माझ्या तोऱ्यापायी तुझा जीव जात होता, असं सांगायचं होतं. ती वाकली, ऐकल्यासारखं केलं, मग घागर भरून फडकं उलगडून बघितलं.

"नऊ कण. कालच्यापेक्षा दोन जास्त," ती म्हणाली. "बोलणं कमी कर, बाई."