आडवं झोपवता येईल अशी गाडी

गाडी कुठली घ्यायची यावरून 'कातळवाट' मंडळात महिनाभर जेवढी भांडणं झाली, तेवढी लोक पोरीच्या लग्नातही करत नाहीत. आणि गाडी तर फुकटची! डोंगरात अडकलेल्या, पडलेल्या माणसांना खाली आणणारं हे डोंबिवलीचं मंडळ. वागळे इस्टेटमधल्या एका कारखानदाराने खूश होऊन त्यांना फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी देऊ केली. आखूड घ्यायची की लांब, ते तुमचं तुम्ही ठरवा म्हणाला. झालं, काडी पडली.

आखूड म्हणजे दोन दारांची. पुढच्या-मागच्या चाकांत अंतर कमी, त्यामुळे पाड्यावरच्या बोळात पटकन वळते, उंचवट्यावर पोट टेकत नाही. लांब म्हणजे चार दारांची. वळायला आडमुठी, खराब रस्त्यावर कधी पोटावर बसेल नेम नाही. पण मागची सीट पाडली की स्ट्रेचर सपाट आत जातं.

मंडळातल्या अमृताला लांब हवी होती, आणि का हवी होती हे तिथे कुणाला सांगायची गरज नव्हती. तिचा धाकटा भाऊ सूरज तीन वर्षांपूर्वी माळशेजकडच्या एका कड्यावर दोर लावताना पडला. मंडळाच्याच पोरांनी त्याला खाली आणलं, अगदी नीट, स्ट्रेचरला बांधून. पायथ्याला उभी होती मंडळाची जुनी आखूड जीप. स्ट्रेचर काही केल्या तिच्यात मावेना. रुग्णवाहिका घाटात अडकलेली. शेवटी पट्टे सोडले आणि सूरजला मागच्या बाकावर दुमडून बसवला. त्याचे पाय सिद्धेशने मांडीवर धरले होते. तेव्हापासून त्या पायांत जीव नाही. पडला तेव्हाच गेला की दुमडला तेव्हा गेला, हे डॉक्टरांनी कधी छातीठोकपणे सांगितलं नाही. सिद्धेशने मात्र सांगितलं होतं. विठ्ठलवाडीला त्यांच्या घरी येऊन, लहान मुलासारखा रडत: "ताई, आडवा नेला असता ना, तर पाय वाचले असते गं. माझ्या हातांना कळलं."

या एका वाक्याच्या आधारावर अमृताने तीन वर्षं काढली. दोष देवाला नाही, नशिबाला नाही, एका गाडीच्या लांबीला आहे, असं एकदा ठरलं की माणसाला लढायला काहीतरी मिळतं.

सिद्धेश म्हणजे सूरजचा शाळेपासूनचा मित्र आणि मंडळाचा पट्टीचा ड्रायव्हर. त्यांच्या घरात तो न विचारता डबे उघडून लाडू खायचा. त्याची कॅराबिनर, म्हणजे दोरात अडकवायची झडपेची कडी, एकदा दरीत पडली, तेव्हा सूरजने अंथरुणावरून स्वतःची त्याला देऊन टाकली. "माझी आता कुठे लटकणार? तू वापर." सगळ्यांच्या कड्या दिसायला सारख्या, म्हणून जो तो आपापली खूण करतो. सूरजने कॉलेजात असताना अमृताचं डाळिंबी नेलपॉलिश चोरून कडीवर फासलं होतं आणि त्याबद्दल तिच्या हातचा झाडूही खाल्ला होता.

पंधरवड्यापूर्वी सिद्धेश आणि अमृता ठाण्याला गाड्या बघायला गेले. लांब गाडीची मागची सीट पाडून हा सहा फुटी गडी बुटासकट आत आडवा झाला. विक्रेता बिचारा कार्पेटकडे बघत राहिला. "बघ ताई, पाय पसरून झोपलोय! ठरलं. आपलं मत लांबला." अमृताला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. परत येताना तिने त्याला आग्रह करकरून मिसळ खायला घातली, आणि घरी जाऊन सूरजला सगळं रंगवून सांगितलं.

रविवारी मंडळाच्या डोंबिवलीच्या गाळ्यात बैठक भरली. मंडळात हात वर करून मत द्यायची पद्धत नाही. हात खाली आला की लोक 'मी कुठे म्हटलेलं' म्हणायला मोकळे होतात, असा अध्यक्ष रवींद्रकाकांचा अनुभव. म्हणून भिंतीवर दोन दोर सोडायचे आणि प्रत्येकाने आपली कडी हव्या त्या दोरात अडकवायची. बैठक संपेपर्यंत ती तिथेच लटकते, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

अमृता थोडक्यात बोलली. पडलेल्या माणसाला दुमडायची पाळी पुन्हा कुणावर येऊ नये, एवढंच. मग सिद्धेश उठला. आता हा आपली बाजू उचलून धरणार म्हणून ती निवांत मागे रेलली.

"ताईचं दुःख मला कळतं," तो म्हणाला. "पण इमोशनल होऊन गाडी घ्यायची नसते. आपले रस्ते बघा. लांब गाडी मध्येच पोटावर बसली तर आपण पेशंटपर्यंत पोचणारच नाही. आडवा काय आणि उभा काय! आणि त्या दिवशी मी होतो तिथे. खरं सांगू? लांब गाडी असती तरी सूरजला काय फरक पडला नसता."

अमृता ताठ उठून बसली. रस्त्यांचं तो बोलला त्यात तथ्य होतं, आणि तेच जास्त झोंबत होतं. हेच त्याने घरी येऊन, तोंडावर सांगितलं असतं तर ती भांडली असती, रुसली असती, कदाचित पटवूनही घेतलं असतं. पण त्याने तिला मिसळीच्या टेबलावर एक सांगितलं आणि चारचौघांत दुसरंच.

एकेक जण उठला. आखूडच्या दोरावर कड्यांचा घोस झाला, लांबच्या दोरावर मोजक्याच लटकल्या. सिद्धेश सगळ्यांत शेवटी उठला. जमिनीकडे बघत भिंतीपाशी गेला आणि आखूडच्या दोरात कडी अडकवली. डाळिंबी रंग उजेडात चमकला.

रवींद्रकाका मनाने भले, पण त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "चला, सुटलो बाबा! नाहीतर पंचाईतच होती. सिद्धेशने गेल्या महिन्यातच कारखान्याच्या मालकांना आखूड सांगून टाकलेली, बुकिंगसुद्धा झालंय. आणि ते शर्यतीचं पण आहे ना, मालकांच्या पोराची टीम हीच गाडी उतरवणार, चालवणार हा..." मग अमृताचा चेहरा बघून त्यांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

"गेल्या महिन्यात?" अमृता म्हणाली.

गेल्या महिन्यात बुकिंग, आणि त्या लांब गाडीत हा आडवा झाला तो त्यानंतर. केसाने गळा कापणं ती लहानपणापासून ऐकत आली होती. तो असा हसतखेळत, बुटासकट कापतात हे तिला आज कळलं.

"मग तू त्या गाडीत झोपलास कशाला रे?"

"ताई, तुला बरं वाटावं म्हणून..."

"आणि पाय वाचले असते म्हणालास, ते?"

"ते पण." सिद्धेश म्हणाला. "तेव्हा काहीतरी बोलायलाच हवं होतं ना."

अमृता उठली, भिंतीपाशी गेली आणि तिने डाळिंबी कडी दोरातून काढून घेतली. "ही सूरजची आहे. सूरजचं मत आखूडला नाही. तू तुझ्या कडीने दे."

"माझ्याकडे दुसरी नाहीये, ताई."

"उसनी माग कुणाची तरी. तुला देतील."

निकालात काही फरक पडणार नव्हता आणि पडलाही नाही. गाडी आखूडच ठरली.

घरी सूरज पलंगावर उशांना टेकून वाट बघत होता. वाटभर अमृताने मनात खोटं रचलं होतं, पण दारात चपला काढतानाच ते विरून गेलं. तिने कडी त्याच्या तळहातावर ठेवली.

त्याने झडप दोनदा उघडली, मिटली. "आखूड?"

"हो."

"रस्त्यांसाठी घेतली असेल. तसं बरोबरच आहे गं."

"गेल्या महिन्यातच सांगून ठेवलेली त्याने. तिकडे शर्यतीत चालवायला मिळणार आहे त्याला."

सूरजने कडी मुठीत मिटली. मग म्हणाला, "शुक्रवारी आलेला तो. तू ऑफिसात होतीस. इथेच पायथ्याशी बसलेला, माझे पाय चेपत. म्हणाला, रविवारी लांबच आणतो बघ, पहिली चक्कर तुला. आडवा झोपवून नेतो, आकाश बघत जा."

"चेपत होता?"

"म्हणजे दिसत होतं मला. कळतंय कुठे?"

अमृताला रडू फुटलं. इतकी वर्षं त्याच्यासमोर न रडण्याचा नेम तिने पाळला होता, तो आज मोडला. सूरजने तिला रडू दिलं. मग तिचा हात ओढून कडी तिच्या मुठीत दाबली.

"मला नको. तू लाव कमरेला," तो म्हणाला. "गाडी आखूड येतेय, म्हणजे परत कुणाला तरी दुमडून बसवतील. तेव्हा त्याचे पाय तू धर, ताई. सिद्धेशला धरू देऊ नको."