पुलापलीकडचा दवाखाना

गल्लीत सरकारी दवाखाना आला तो टेलरबाईंच्या चिकाटीमुळे, हे सगळेच मानत. हातातलं शिवण टाकून त्या शेजारणींना घेऊन नगरसेवकाच्या ऑफिसात जाऊन बसायच्या. शिपाई वैतागायचा, साहेब मागच्या दारानं सटकायचे, पण या हटल्या नाहीत. शेवटी दवाखाना सुरू झाला. मतदानाला मुद्दाम न जाणारे न्हावीकाकासुद्धा म्हणाले, "बाई, धरून बसलं तर ऐकतात की हो!" टेलरबाईंना आभाळ ठेंगणं झालं.

त्याच आठवड्यात पुलापलीकडून धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, आमच्या दवाखान्याला कुलूप! ह्यांना दम लागला, मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागलं. डॉक्टरीणबाईंची म्हणे बदली झाली."

गल्लीतल्या नव्या दवाखान्यात बसणाऱ्या डॉक्टरीणबाई पुलापलीकडूनच आल्या होत्या, हे टेलरबाईंच्या लक्षात आलं. त्या तडक ऑफिसात गेल्या.

"साहेब, आम्ही नवा दवाखाना मागितला होता. दुसऱ्यांचा काढून नव्हता मागितला."

"डॉक्टर आहेत कुठे एवढे?" साहेब म्हणाले. "तुम्ही सारख्या यायचात. तिकडून कधी कोणी फिरकलं नाही."

मग त्या बहिणीकडे गेल्या. मेहुणे उशांना टेकून बसले होते.

"चल, तुमच्या लोकांना घेऊन जाऊ. मी बोलते," त्या बहिणीला म्हणाल्या.

"मी दिवसभर लाँड्रीत उभी असते, ताई. खाडा केला तर घरी बसवतील. इथं सगळ्यांचं तेच. तुझं मशीन घरात, म्हणून तुला जमलं. ज्याला सवड त्याचं सरकार, असंच ना?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

टेलरबाई मेहुण्यांच्या पाठीमागची उशी सारखी करू लागल्या. मेहुणे धापा टाकत म्हणाले, "मत तर आम्हीही दिलं. तेवढ्यानं भागत नाही, हे कुणी सांगितलंच नाही."

गल्लीत परतल्यावर त्यांनी शेजाऱ्यांना सुचवलं, डॉक्टरीणबाईंनी एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे बसावं. शेजारणी आपापल्या दाराकडे वळल्या. न्हावीकाका म्हणाले, "आपल्या तोंडातला घास आपणच काढून द्यायचा? काहीतरीच!"

टेलरबाई एकट्याच ऑफिसात गेल्या. साहेबांनी त्यांच्या मागे दाराकडे पाहिलं.

"बाकीचे?"

"मी एकटीच आलेय."

"मग अवघड आहे, बाई," साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता.

टेलरबाई घरी आल्या आणि बहिणीला फोन केला. "मेहुण्यांना इकडे आणून ठेव, माझ्याकडे."

"आणते," बहीण म्हणाली. "पण आमच्या शेजारच्या आजोबांनाही दम आहे. त्यांची तिकडे कुणी बहीण नाही."