जांभळ्या फुलांखालची ताटली

"वरून घालू नका, वहिनी. पानं सडतात. ताटलीत ओता, त्याची तहान मुळाला असते."

कमलबाई कॉटवरून म्हणाल्या. माझा तांब्या हातातच राहिला. अगदी याच शब्दांत आमच्या ह्यांनी मला ते शिकवले होते.

कमलबाई ह्यांच्याच शाळेत शिकवायच्या. परवा त्यांचा पाय मोडला, म्हणून मी डबा घेऊन गेले होते. जाता जाता खिडकीतल्या झाडाला पाणी घाला म्हणाल्या. पडदा सारला तर आफ्रिकन व्हायोलेट. लवदार पाने, जांभळी फुले, पाकळीला पांढरी किनार.

तसलेच झाड ह्यांनी परभणीहून आणले, त्याला पस्तीस वर्षे झाली. उन्हाळ्यात माठाजवळची गार जागा आधी त्याची, मग माणसांची. एका पानापासून नवे रोप होते. चारठाण्याच्या माझ्या बहिणीने एक पान मागितले, तर हे म्हणाले, "पान तोडलं की झाड खंगतं." ती रित्या हातांनी गेली. हे वारले त्या उन्हाळ्यात झाडही गेले. मला वाटले, संपले.

मी ताटलीत पाणी ओतले. स्टीलच्या कडेवर अक्षरे होती. चि. कस्तुरास, आईकडून.

माझ्या लग्नातली ताटली. ती हरवली तेव्हा आमच्याकडे रुख्मिणी भांडी घासायची. रोज भांडी पालथी घालून "मोजून घ्या, बाई" म्हणायची. त्या दिवशी एक कमी भरली. मी अंगणात, शेजारच्या चार बायांसमोर तिला विचारले. तिने हातातली राख टाकली, पदर झटकून दाखवला आणि निघून गेली. हे ओट्यावर पेपर वाचत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

कमलबाई भिंतीकडे पाहत होत्या. "घेऊन जा," एवढेच म्हणाल्या. मी कुंडीखाली त्यांची चिनी मातीची बशी सरकवली, तिच्यात पाणी घातले आणि ताटली पिशवीत टाकली. झाडाचा काय दोष?

रुख्मिणी आता मानवतच्या स्टँडजवळ मेथी विकते. तीस वर्षे मी दुसरीकडून भाजी घेतली. मी तिच्यापुढे जाऊन पिशवीतून ताटली काढताच तिने ती ओळखली.

"घावली व्हय?"

"हो."

"कुटं हुती?"

सांगून टाकावे असे फार वाटले. पण गेलेल्या माणसाची अब्रू अजून माझ्याच गळ्यात होती.

"घरातच होती," मी म्हणाले.

"घरातच." ती जुडी बांधत राहिली. "आन् मी दोन साल झरीला भावाकडं तोंड लपवून ऱ्हायले. लय बोलले लोक."

तिने ताटली माझ्या हातातून घेतली. साचलेल्या पाण्याचा पांढरा थर कडेला चिकटला होता. मेथीच्या मुळांची माती चिमटीत घेऊन ती तो घासू लागली. आईने घातलेले नाव हळूहळू उजळले. मग तिने ताटली पदराने पुसली आणि माझ्यापुढे पालथी ठेवली.

"मोजून घ्या, बाई."